खालचं मोंब्रियाक

मोंब्रियाक हे गाव फ्रान्सच्या दक्षिणेला एका डोंगराच्या नाकावर वसलेलं आहे, पण गेला सबंध जानेवारी ते मध्य प्रदेशातल्या बालाघाटात होतं, आमच्या घरी, माझ्या शिलाई मशीनच्या शेजारी, एका प्लायवूडच्या फळीवर. येणारा-जाणारा थबकून विचारायचा, हे काय मांडलंय. मी तोंड उघडायच्या आत माझ्या सासूबाई, ज्यांनी जन्मात गोंदियाच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नाही, पदर खोचून सांगायच्या, "फ्रान्स होय. हात नोका लावू, ओला हाय अजून."

फ्रान्स घरात शिरलं ते एका चिठ्ठीतून. खुशीच्या शाळेत दरवर्षी प्रदर्शन भरतं. यंदाचा विषय होता ‘दुनिया के गाँव’. पाचवीच्या मुलांनी डब्यातून एकेक चिठ्ठी उचलायची, जे गाव निघेल त्याचा भूगोल, इतिहास आणि वारसा शोधायचा, मांडायचा, आणि पाहुण्यांपुढे मंचावर उभं राहून सांगायचा. कोणाला जपानमधलं कोळ्यांचं गाव आलं, कोणाला केनियातलं गुराख्यांचं. खुशीच्या चिठ्ठीवर नुसतं लिहिलेलं होतं, ‘फ्रांस का एक छोटा गाँव’. कोणतं, ते आपण ठरवायचं.

दुसऱ्या एखाद्या आईला यात मजा वाटली असती. मी मात्र ‘सांगायचा’ या शब्दाशीच अडकले.

खुशी शाळेत बोलत नव्हती. घरी तोंडाला खळ नाही, आणि शाळेचं फाटक ओलांडलं की वेणीचं टोक दातांत आणि जिभेला कुलूप. जुलैपासून हे चाललं होतं. तेव्हा झालं इतकंच, की तिचं पेन बाकाखाली पडलं आणि ती उभी राहून म्हणाली, "मॅडम, मेरा पेन खाली है." तिच्या वर्गशिक्षिका ललिता मॅडम मूळच्या जबलपूरच्या. मनाने चांगल्या, पण मराठीचा गंध नाही. त्या म्हणाल्या, खाली है तो रीफिल बदल लो. त्यावर आमच्या मुलीने अगदी खरं ते सांगितलं, "नहीं मॅडम, भरा हुआ है. पर खाली है."

वर्ग हसून लोळला. आम्हा मराठी घरांतल्या माणसांना यात हसण्यासारखं काय, ते कळायलाच क्षण लागतो. आपलं खाली म्हणजे नीचे. त्यांचं खाली म्हणजे रिकामं. पण हे दहा वर्षांच्या पोरीला कोणी समजावून सांगेपर्यंत तिचं नाव पडून गेलं होतं, ‘भरी-खाली’. प्रियंका नावाची एक हुशार, चुणचुणीत मुलगी पुढच्या बाकावर बसते. ती ते चालीवर म्हणायची आणि बाकीच्या तिच्या मागे. मी हे ऐकीव सांगत नाही. डबा विसरला या निमित्ताने मी मधल्या सुट्टीत फाटकाच्या जाळीशी उभी राहून पाहिलंय. डबा विसरायची वेळ मीच आणायची. आईला काय काय करावं लागतं ते आईलाच ठाऊक.

चिठ्ठी निघाली त्याच आठवड्यात ललिता मॅडमनी मला बोलावून घेतलं. तोंडी परीक्षेत खुशीने एक अक्षर उच्चारलं नव्हतं. त्यांनी मुख्याध्यापकांशी बोलून एवढं पदरात पाडून घेतलं होतं की प्रदर्शनातलं बोलणं हीच तिची तोंडी परीक्षा धरायची. तिथेही ती गप्प राहिली, तर पुढच्या वर्षी तिला पाचवीतच बसवणं तिच्या भल्याचं ठरेल. हे त्यांनी इतक्या हळुवारपणे सांगितलं की मला भांडायलाही जागा राहिली नाही. मी घरी येऊन कुकर लावला आणि शिट्ट्या मोजायचं विसरले.

मी गोंदियाच्या कॉलेजात भूगोल घेऊन बी.ए. केलंय. खुशीचे बाबा, गजेंद्र, बालाघाटचेच. कचेरीच्या रस्त्यावर त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे आणि अस्खलित हिंदीशिवाय ते चालत नाही. जुलैच्या त्या प्रकारानंतर मी घरात फर्मान काढलं होतं, की यापुढे सगळ्यांनी हिंदीतच बोलायचं. गजेंद्रला अडचण नव्हती. सासूबाईंनी सुरुवातीला मनापासून साथ दिली. "बेटा, भाजी वाढू क्या?" आणि "दार लोटो, मच्छर येते" असली हिंदी त्या जोरात बोलायच्या. मग हळूहळू त्या जेवताना गप्पच बसू लागल्या. गजेंद्र एकदा म्हणाला, एकीला बोलती करता करता तू दुसरीले मुकी करून राह्यली. तो चेष्टेत म्हणाला, पण मला ते लागलंच.

तर गाव शोधायचं होतं. एका रविवारी आम्ही तिघं दुकानातल्या कॉम्प्युटरसमोर बसलो. फ्रान्समधल्या लहान गावांची पानंच्या पानं होती. मी भूगोलाच्या विद्यार्थिनीला शोभेल असं काहीतरी पाहत होते, द्राक्षाचे मळे, समुद्रकिनारा, किल्ला. खुशीने पडद्यावर बोट ठेवलं. "हा."

चित्रात एक डोंगर, त्याच्या पायाशी वळण घेतलेली नदी, आणि तपकिरी कवेलूंची, म्हणजे कौलांची, छपरं.

"काहून हाच?" मी विचारलं. माझं फर्मान मीच मोडलं, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

"हा आपल्या इकडल्यासारखा दिसते."

गावाचं नाव इंग्रजी अक्षरांत वाचायला गेलो तर मधे एक ‘टी’ होता. मी उच्चार शोधून ऐकवला, तर टी गायब. मोंब्रियाक. खुशीला हे काही पटेना. बोलायचा नाही तर लिहायचा काहून? मी भाषेच्या इतिहासात शिरणार होते, तेवढ्यात दुकानात जेवणाचा डबा घेऊन आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "राहू दे ना त्याले. एखादा न बोलनारा बी लागते घरात." मी चोरून खुशीकडे पाहिलं. ती हसत होती.

गावाने स्वतःची माहिती स्वतःच्या भाषेत लिहिलेली होती. कॉम्प्युटरने तिची हिंदी करून दिली, ती वाचताना आमची करमणूक झाली. वारशाच्या यादीत पहिलंच वाक्य, ‘गाँव में एक मामूली चार है.’ चार काय? गजेंद्र म्हणाला, चार जण असतीन, मामूली, पारावर बसनारे, ते तं आपल्याकडे बी हायत. फोटोत मात्र दगडाचा एक घुमट दिसत होता आणि त्याला काळं तोंड. मी खोदत गेले तेव्हा उलगडलं. त्यांच्या भाषेत भट्टीला ‘फूर’ म्हणतात. त्याचं स्पेलिंग इंग्रजीतल्या चार आकड्यासारखंच, म्हणून कॉम्प्युटर फसला. ती गावाची सामाईक भट्टी होती, आणि ‘सामाईक’साठी त्यांचा जो शब्द, त्याचाच दुसरा अर्थ मामूली. जुन्या काळी सगळ्या घरांनी आपापली कणीक घेऊन यायचं आणि पाळीपाळीने तिथेच पाव भाजायचा.

म्हणजे शब्दाच्या अशा सापळ्यात सापडणारी आमची मुलगी एकटीच नव्हती. एवढं शिकलेलं यंत्रसुद्धा दोन भाषांच्या मधे ठेचकाळून पडतं. खुशी घरी जाईपर्यंत स्कूटरवर ‘मामूली चार, मामूली चार’ असं गुणगुणत होती.

गावाची गोष्ट मी तिला त्या आठवड्यात तुकड्यातुकड्याने सांगितली. मोंब्रियाक एक नाही, दोन आहेत. एक वरचं, एक खालचं. जुन्या काळात लढाया आणि लुटारूंची भीती, म्हणून लोकांनी डोंगरावर, तटाच्या आत घरं बांधली. वर वारा भरपूर, शत्रू लांबून दिसायचा, पण पाणी नव्हतं. बायका नदीवरून पाणी वाहून नेत. पुढे भीती सरली. नदीवर पूल झाला, मग रेल्वे आली, आणि एकेक घर डोंगर उतरायला लागलं. लोकांनी दारं, चौकटी, खिडक्यासुद्धा काढून खाली नेल्या. नदीकाठी नवं गाव झालं, गिरणी, आठवड्याचा बाजार, शाळा, आणि कपडे धुवायला छप्पर घातलेला घाट. वर राहिलं देऊळ, त्यातली घंटा, ती भट्टी आणि छपरं उडालेल्या भिंती.

सासूबाई निवडायला घेतलेला तांदूळ तसाच ठेवून ऐकत होत्या. त्यांच्या लेखी देऊळ म्हणजे बुद्धविहार. "विहार वर अन् लोकं खाली? मंग वंदनेले कोन जाते?"

वर्षातून एक दिवस सगळे जातात, मी सांगितलं. उन्हाळ्यात. म्हातारेकोतारेसुद्धा. घंटा वाजवतात, भट्टी पेटवतात, एकत्र पाव भाजून खातात आणि परत खाली येतात.

"म्हंजे वरचा गाव रिठ झाला," सासूबाई म्हणाल्या. खुशीने रिठ म्हणजे काय विचारलं. उठून गेलेलं गाव. त्यांचं माहेर लांजीकडचं, तिकडे अशी नावं आहेत, नावापुरतं गाव, आणि जाऊन पाहावं तर मोहाची झाडं. पण आपल्या रिठात कोणी परत जात नाही, त्या म्हणाल्या, मह्या आजीच्या गावी गेलं तं चूल बी दिसत नाही. हे लोक बरे, वर्षातून एकदा तरी चूल पेटवतात.

मग आम्ही ते गाव बांधायला घेतलं. पुठ्ठ्यावर मी समोच्च रेषा काढून एकावर एक थर रचले. कॉलेज सोडल्यापासून पहिल्यांदाच माझा भूगोल कामाला आला, आणि खरं सांगते, मला फार छान वाटलं. गजेंद्रने वैनगंगेच्या काठावरून पोतंभर माती आणली. सासूबाईंनी ती तुडवली, मळली, तिच्यात तूस कालवलं. फुटक्या कवेलूंचे तुकडे पाट्यावर घासून नखाएवढी छपरं केली. खुशीने नदीला निळा रंग द्यायला साफ नकार दिला. पाणी निळं नसते, ती म्हणाली, आणि वाळूच्या मधे तुटक्या आरशाची पट्टी बसवली. त्या पट्टीत डोंगर उलटा दिसायला लागला तेव्हा मी स्वयंपाकघरातून तो दोनदा जाऊन पाहिला.

चिखलात हात बुडाले तसं हिंदीचं फर्मान वाहून गेलं. ‘हे घर खालतं घे’, ‘त्याले जरासं सरकव’, ‘उतार जास्त झाला व’. तिन्ही पिढ्यांची तोंडं एकदम सुटली होती. मी अडवलं नाही. पण ऐकत होते, आणि प्रत्येक ‘खाली’ माझ्या कानाला टोचत होतं. पोरीची जीभ पुन्हा त्याच खड्ड्याकडे चालली होती.

म्हणून भाषण मी स्वतः लिहिलं. सुपात तांदूळ घेऊन खडे वेचावेत तसे त्यातले धोक्याचे शब्द वेचून काढले. खाली तर कुठे ठेवलंच नाही. ‘ऊपरी ग्राम’ आणि ‘निचला ग्राम’ केलं. रिकामं याला ‘निर्जन’. खुशीने ते दोन दिवसांत पाठ केलं. म्हणून दाखवायची तेव्हा एक शब्द चुकायचा नाही, आणि तिच्या तोंडून ते वीज मंडळाच्या सूचनेसारखं वाटायचं. गजेंद्र म्हणाला, निचला ग्राम कोनी बोलते का? मी म्हटलं, बोलत नसतील, पण हसत तरी नाहीत.

प्रदर्शनाच्या दिवशी डोंगराला तडा गेला. ऑटोतून नेताना एक खड्डा लागला आणि देवळापासून भट्टीपर्यंत बोटभर भेग पडली. मी रडायच्या बेतात होते. सासूबाईंनी कनवटीच्या पिशवीतून ओल्या मातीचा गोळा काढला, त्या तो घेऊनच आल्या होत्या, आणि शाळेच्या पायरीवर बसून भेग लिंपली. फाटकाशी उभ्या बाप्याला त्यांनी हिंदीत सांगितलं की रास्ता तुमारा खराब है, डोंगर हमारा अच्छा है.

सभागृहात भिंतीलगत सगळं जग मांडलेलं होतं. जपानच्या होड्यांत बारके दिवे लागत होते. मंचासमोर पाहुणे म्हणून दुलीचंदजी नावाचे शिक्षण खात्यातले अधिकारी बसलेले, पांढरे केस, गळ्यात मफलर. एकेका मुलाने आपली फळी मंचावरच्या टेबलावर ठेवून बोलायचं. प्रियंका केनियावर बोलली, घडाघडा, हातवारे करून. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पोरीचा काय दोष, ती चांगलंच बोलली होती.

मग खुशीचं नाव पुकारलं. गजेंद्रने आणि शिपायाने मिळून मोंब्रियाक टेबलावर नेऊन ठेवलं. खुशी त्याच्या मागे उभी राहिली. डोंगराच्या वर फक्त तिचा चेहरा दिसत होता.

"आदरणीय अतिथिगण," ती म्हणाली. मी तिसऱ्या रांगेत बसून सोबत ओठ हलवत होते. "मोंब्रियाक फ्रांस के दक्षिण में स्थित है. इसके दो भाग हैं. ऊपरी ग्राम और..."

थांबली.

‘निचला’. मी ओठांनी म्हटलं. निचला, निचला. ती माझ्याकडे पाहत नव्हती. ती मंचावरून आपल्या गावाकडे पाहत होती. तिच्या वर्गाच्या रांगेतून कोणीतरी हलकेच कुजबुजलं, "भरी-खाली." दोनचार माना खाली गेल्या, खांदे हलले. ललिता मॅडमनी त्या रांगेकडे वळून डोळे वटारले. खुशीचा हात वेणीकडे गेला. टोक दातांत.

सासूबाईंनी माझं मनगट धरलं. मी उठायला निघाले होते, हे मला त्यांनी धरल्यावर कळलं. उठून मी काय करणार होते, देव जाणे. मंचावर चढले असते, भाषण वाचून दाखवलं असतं, काहीही केलं असतं. "बस," त्या म्हणाल्या. "डोंगर तिनं बांधला हाय."

खुशीने वेणी तोंडातून काढली. अगदी नीट, पाठीवर टाकली. मग बोट डोंगराच्या टोकावर ठेवलं, देवळाशेजारच्या मोडक्या भिंतींवर, आणि मी लिहिलेलं एकही अक्षर नसलेलं वाक्य बोलली.

"ये ऊपर वाला गाँव खाली है."

एक हसू फुटलं. तिने ते होऊ दिलं. बोट उतारावरून सरकवत सरकवत तिने नदीकाठी आणलं, कवेलूंच्या छपरांवर.

"क्योंकि सब लोग खाली आ गए."

आता सगळं सभागृह हसलं. मोठी माणसंही. माझ्या डोळ्यांपुढे जुलैतला तो लोळून हसणारा वर्ग उभा राहिला. पण खुशी रडत नव्हती. ती थांबली होती, मास्तरीण थांबते तशी, वर्ग गप्प होईपर्यंत. आणि तो गप्प झाला.

"खाली दो होते हैं," ती म्हणाली. आवाज आता घरचा होता, मी रोज दहादा ‘हळू बोल’ म्हणते तो. "एक आपका, एक हमारे घर का. हमारे घर में मराठी बोलते हैं. आपके खाली में कोई नहीं रहता. हमारे खाली में सब रहते हैं."

कोणी हसलं नाही. आधी एक टाळी वाजली, ललिता मॅडमची. मग दुलीचंदजींची, मग मला वेगवेगळ्या ऐकू येईनाशा झाल्या. सासूबाई टाळ्या वाजवत नव्हत्या. त्यांनी माझं मनगट अजून सोडलेलंच नव्हतं.

भाषण तिथे संपलं नाही, तिथे सुरू झालं. पाठ केलेलं सगळं ती विसरली किंवा तिने टाकून दिलं. लोक दारं खांद्यावर घेऊन डोंगर कसे उतरले ते सांगितलं. पाणी का उतरवलं नाही, कारण पाणी आधीच खाली होतं, कौन सा वाला खाली, आप समझ गए ना. ‘मामूली चार’ची गोष्ट सांगितली तेव्हा दुलीचंदजी मफलर सोडून हसले. त्यांनी विचारलं, मग आता वरच्या गावात काहीच उरलं नाही का?

"घंटा है," खुशी म्हणाली. "और भट्टी. साल में एक दिन सब ऊपर जाते हैं और रोटी सेंकते हैं. मेरी आजी बोलती है, जिस गाँव में चूल पेटते, वो रिठ नहीं होता."

मधला शब्द मराठी, त्याच्या पुढचा अर्धा मराठी. तिला पत्ता नव्हता आणि कोणी अडवलंही नाही. रिठ म्हणजे काय, हे तिने त्यांना समजावलं. वेळ संपल्याची घंटी वाजली. तिने घंटी वाजवणाऱ्या मुलाकडे पाहून सांगितलं, एक मिनट, अभी घाट बाकी है.

खाली उतरल्यावर मोंब्रियाकभोवती गर्दी झाली. जपानच्या होड्या मिनमिनत राहिल्या. मुलं आरशातल्या उलट्या डोंगराकडे वाकून पाहत होती, सासूबाई ‘हात नोका लावू’ म्हणत होत्या आणि हात लावू देत होत्या. प्रियंका पुढे आली. मी लगेच सावध झाले, दोन पावलं जवळ सरकले. तिने खुशीला विचारलं, तुझ्या घरी असे उलटे शब्द आणखी कोणते आहेत?

खुशीने क्षणभर विचार केला. "शिक्षा," ती म्हणाली. "तुम्हारी शिक्षा मतलब पढ़ाई. हमारे यहाँ शिक्षा मतलब पनिशमेंट."

प्रियंकाचे डोळे विस्फारले. तिने मागे वळून पाहिलं. पाहुण्यांच्या खुर्चीसमोर पाटी होती, ‘श्री दुलीचंदजी, शिक्षा विभाग’. दोघी एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. पाच मिनिटांत ती गोष्ट सगळ्या पाचवीत पसरली आणि त्या सज्जन गृहस्थांना कळेना की मुलं आपल्याकडे पाहून कान का धरताहेत. शेवटी ललिता मॅडमनीच त्यांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "बत्तीस साल से विभाग में हूँ. सही अर्थ आज पता चला."

मांडणीचं पहिलं बक्षीस जपानला गेलं. दिवे लागत होते त्यांचे, जायलाच हवं होतं. वक्तृत्वाचं नाव पुकारलं तेव्हा मी दुसऱ्या कोणाचं तरी असेल म्हणून टाळ्या वाजवत राहिले, गजेंद्रने कोपर मारेपर्यंत. स्टीलचा डबा होता, तीन कप्प्यांचा. आता डबा विसरायचं निमित्तही गेलं, म्हटलं.

निघताना ललिता मॅडम जवळ आल्या. मला त्यांना खूप काही विचारायचं होतं, मार्कांचं, मुख्याध्यापकांचं, पुढच्या वर्षाचं. त्यांनी विचारूच दिलं नाही. म्हणाल्या, छठी की किताबें मार्च में आ जाती हैं, जल्दी ले लीजिएगा. आणि मग खुशीकडे वळून, शब्दाशब्दाला अडखळत, पण मराठीत, "पेन आता खाली पडला तर मला सांग."

"भरा हुआ या..." खुशीने सुरू केलं आणि दोघीही हसल्या.

फाटकाबाहेर आम्ही चौघं आणि एक फ्रेंच गाव, असे ऑटोची वाट पाहत उभे राहिलो. ऊन कलतं होतं. गजेंद्रने फळीची एक बाजू धरलेली, मी दुसरी, सासूबाई मधून डोंगराला हात देऊन. आरशाच्या नदीत आभाळाचा तुकडा डुलत होता. मी सवयीने खुशीकडे पाहत होते, वेणी कुठे आहे म्हणून. वेणी पाठीवर होती. ती नवा डबा वाजवत होती.

एक ऑटो येताना दिसला. गजेंद्रने हात करून ओरडून विचारलं, "भैया, खाली है क्या?"

"बाबा," खुशी त्याची बाही ओढत म्हणाली, "आधी विचारा ना, कोनता खाली."

ऑटोवाला थांबला. त्याने आमच्याकडे पाहिलं, डोंगराकडे पाहिलं, देवळाकडे पाहिलं आणि ते कुठे न्यायचं म्हणून विचारलं.

"फ्रान्स," सासूबाई आत चढून बसत म्हणाल्या. "पन पहिले घरी चाल."